'कामाचा हक्क' : शब्द तेच, अर्थ उलटा



'कामाचा हक्क' म्हटलं की आपल्याला रोजगार हमी आठवते. घटनेच्या ४१व्या कलमातला हा हक्क महाराष्ट्राच्या १९७७च्या कायद्यात आला. मागेल त्याला काम, हा त्याचा सरळ अर्थ.

अमेरिकेत याच नावाचा कायदा कुणालाही काम देत नाही. युनियननं कारखान्यातल्या सगळ्यांसाठी मजुरीचा करार केला, तरी वर्गणीची सक्ती कुणावर करायची नाही, एवढंच तो सांगतो. फायदा सगळ्यांचा, खर्च थोड्यांच्या माथी. युनियनची ताकद अशी आटते.

१९४१ साली डॅलसच्या एका दैनिकानं अग्रलेखात ही घोषणा मांडली. टेक्सासच्या व्हान्स म्यूजनं ती उचलून प्रचार केला. १९४४ साली फ्लोरिडा आणि आर्कान्सॉ राज्यांनी तशी घटनादुरुस्ती केली. आर्कान्सॉ कापसाचं राज्य. तिथले बडे मळेवाले दुरुस्तीच्या बाजूला होते. १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानं राज्यांच्या अशा कायद्यांना मान्यता दिली. आज पन्नासपैकी सव्वीस राज्यांत ते आहेत.

सक्ती कुणालाच आवडत नाही, म्हणून घोषणा गोड वाटते. पण आपलंच बघा. आंदोलन करून कापसाचा भाव वाढला, तर तो बिल्ला लावणाऱ्याला मिळतो, तसा घरी बसणाऱ्यालाही मिळतो. आपण पावती जबरदस्तीनं फाडत नाही. म्हणूनच समजून दिलेल्या वर्गणीवर आपली संघटना उभी आहे.

गोड शब्द कानावर पडला की एकच विचारा : नाव कुणाचं, आणि माल कुणाच्या घरात?