विंचवाचं विष आणि बावस्कर डॉक्टरांच्या नोंदी



जून लागला की आपल्या जिंतूर-गंगाखेडकडच्या शिवारात दगड उचलताना, पळाट्यांचा ढीग हलवताना हात जपून घालावा लागतो. लाल विंचू तिथेच दबा धरून असतो. त्याच्या विषावर चालणारी गोळी दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे शेजारच्या जालना जिल्ह्यातले, देहेड गावचे. मला याचा फार अभिमान वाटतो.

१९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात विंचूदंशानं माणसं, विशेषतः लेकरं, दगावत होती. डॉक्टर रोग्याच्या उशाशी बसले आणि घाम कधी फुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब किती चढला, हे टिपत गेले. धोक्याच्या या आरंभीच्या खुणा १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात छापून आल्या. खेड्यातल्या दवाखान्यातल्या नोंदी जगभरच्या डॉक्टरांनी वाचल्या!

या विषानं शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली आणि १९८६ मध्ये त्याचे निष्कर्षही लॅन्सेटमध्येच मांडले. पूर्वी विष अंगात भिनलेल्या शंभरातले २५ ते ३० रोगी जात. ते प्रमाण चाराच्या आत आलं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीनं होत्या, हे आवर्जून सांगायला हवं.

ते तिथंच थांबले नाहीत. महाडला ७० रोग्यांचे दोन गट केले: एकाला नुसती गोळी, दुसऱ्याला गोळी आणि विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३२. हा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या घरातलं. विंचू उतरवणाऱ्याकडे जाण्यात पहिला तास जातो, आणि तोच तास मोलाचा असतो. ठणका किती आहे यावरून धोका मोजू नका. अंगभर घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले की मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठा. किती वाजता चावला, ते डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र त्यांच्याच हातून घ्या, आणि घेतल्यावर रोग्याला लगेच उठवू-बसवू नका, लेकराला कडेवर घेऊ नका. रक्तदाब एकदम उतरू शकतो. डॉक्टर सांगतील तोवर आडवंच राहू द्या.