रिटेन्शन टाइम ‘बसवायचा’ की दुरुस्त करायचा?

एसटीत हेडफोन लावून बसलेले, होस्टेलच्या गच्चीवर पडलेले, सगळ्यांना राम राम.

आजचा भाग एका प्रश्नामुळे झाला. आपल्या खान्देशातल्याच एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीनं विचारलं, “दादा, सॅम्पल तेच आहे. सोमवारी पीक ६.०० मिनिटाला आलं, बुधवारी ६.२० ला. गाइड म्हणतात सॉफ्टवेअरमध्ये रिटेन्शन टाइम करेक्ट करून घे. पण ही तर प्रॅक्टिकलला रीडिंग बसवतो तशीच गोष्ट झाली ना?”

प्रश्न एकदम बरोबर आहे. रीडिंग बसवणं म्हणजे काय, हे आपल्या सगळ्यांना चांगलंच माहीत आहे!

आधी थोडं मागे जाऊ. एलसी-एमएस मशीनमध्ये एक बारीक नळी असते, तिला कॉलम म्हणतात. तिच्यात बारीक कण घट्ट भरलेले असतात आणि त्यातून पंप द्रव ढकलत असतो. सॅम्पलमधला एखादा पदार्थ कणांना जास्त चिकटतो, तो उशिरा बाहेर येतो. कमी चिकटणारा लवकर येतो. इंजेक्शनपासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ म्हणजे रिटेन्शन टाइम. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर त्या पदार्थाचे आयन वजनानुसार ओळखतो आणि स्क्रीनवर शिखर उमटतं, ते पीक. शेतातलं नाही!

मग वजन कळतंय तर वेळ कशाला हवी? आपल्या केळीचंच उदाहरण घ्या. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पिकलेल्या केळीचा जो वास येतो, त्यात आयसोअमाइल अ‍ॅसिटेट महत्त्वाचं. त्याचाच एक भाऊ आहे, २-मिथाइलब्यूटाइल अ‍ॅसिटेट. दोघांचं रेणूवजन १३०, आणि मशीनमध्ये फुटल्यावर तुकडेही बरेचसे सारखे. हे वासाचे पदार्थ द्रवाऐवजी वायू वापरणाऱ्या जीसी-एमएसवर तपासतात. तिथे दोघं बाहेर येतात अगदी पाठोपाठ. वेळ थोडी सरकली की एकाचं नाव दुसऱ्याला लागलंच म्हणून समजा.

आणि वेळ सरकतेच. कॉलम जुना होतो. द्रवाचं मिश्रण आज एकानं बनवलं, उद्या दुसऱ्यानं. बाटलीतलं मिथेनॉल थोडं उडून जातं. पंपात हवेचा बुडबुडा अडकतो. वर आपला मे महिना! बऱ्याच मशीनचा कॉलम ओव्हन फक्त तापवतो, थंड करत नाही. तुम्ही ३० अंश लावलेत आणि एसी बंद पडून खोलीच ३८ झाली, तर कॉलम ३० वर राहणार कसा? तापमान वाढलं की साधारणपणे पदार्थ लवकर बाहेर पडतात.

आता दुरुस्ती कशी होते? मनमाडहून भुसावळकडे येणारी गाडी डोळ्यासमोर आणा. गाडी चाळीसगावला १० मिनिटं लेट आणि जळगावला २० मिनिटं लेट. मग पाचोऱ्याला किती लेट असेल? पाचोरा साधारण मध्यावर, म्हणजे १५ च्या आसपास. दोन ठिकाणचा उशीर पक्का माहीत होता, म्हणून मधला काढता आला.

कॉलममध्येही हेच करतात. समजा, ओळखीचे दोन पदार्थ आपण मुद्दाम सॅम्पलमध्ये टाकले. एरवी ते ४.०० आणि ८.०० मिनिटाला येतात. आज आले ४.१० आणि ८.३० ला. आपलं पीक ६.२० ला आहे, म्हणजे या दोघांच्या बरोबर मध्ये. मग त्याची मूळ वेळ ४ आणि ८ च्या मध्ये, म्हणजे ६.००. लक्षात घ्या, सगळ्यांतून सरसकट ०.१० वजा केलं असतं तर चुकलं असतं. उशीर सगळीकडे सारखा नसतो.

शेकडो सॅम्पल आणि प्रत्येकात हजारो पीक असले की हे हातानं होत नाही, तिथे सॉफ्टवेअर लागतं. २००६ मध्ये आलेलं एक्ससीएमएस हे आर भाषेतलं पॅकेज मोफत आहे. एमझेडमाइन आणि एमएस-डायलसुद्धा मोफत. एक्ससीएमएसच्या एका पद्धतीत आधी पीक शोधतात. मग जवळपास सगळ्या सॅम्पलमध्ये ठळक दिसणारे पीक निवडतात. ती झाली आपली स्टेशनं. त्यांच्या उशिरावरून प्रत्येक सॅम्पलसाठी एक वक्ररेषा काढतात, वेळा सरकवतात आणि पीकांचे गट पुन्हा पाडतात.

इथपर्यंत फसवणूक कुठेच नाही. पण फसायच्या जागा आहेत, त्या नीट ऐका.

पहिली. गाडी लेट झाली तरी स्टेशनांचा क्रम बदलत नाही, हे आपण धरून चाललोय. द्रवाचा पीएच बदलला तर काही पदार्थांचा क्रमच उलटतो. मग कितीही ताणा, दुरुस्ती खोटीच. तिथे रन पुन्हा करायचा.

दुसरी. पहिल्या ओळखीच्या पदार्थाच्या आधी आणि शेवटच्याच्या नंतर सॉफ्टवेअर फक्त अंदाज करतं. चाळीसगाव-जळगावच्या उशिरावरून भुसावळचा उशीर छातीठोक सांगू नका.

तिसरी, आणि ही सगळ्यात जास्त नडते. समजा रावेरच्या केळीची सगळी सॅम्पल सकाळी चालवली आणि शिरपूरची सगळी दुपारी. दुपारी मशीन सरकलं. आता जो फरक दिसतो तो जळगाव-धुळ्याचा की सकाळ-दुपारचा? कुठलंच सॉफ्टवेअर हे सांगू शकत नाही. म्हणून सॅम्पलचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्या सॅम्पलचा थोडा थोडा भाग एकत्र करून एक मिश्रण बनवा आणि दर ८-१० रननंतर तेच चालवत राहा. मशीन किती सरकलं, ते हे मिश्रण सांगेल.

हे सगळं फक्त थिसिसपुरतं आहे असं वाटतंय? २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारं रसायन सापडलं आणि युरोपात माल अडकला. अशा उर्वरित अंशाच्या तपासणीत युरोपची मार्गदर्शक सूचना सांगते की सॅम्पलमधल्या पीकची वेळ स्टँडर्डच्या वेळेपासून ०.१ मिनिटाच्या आत हवी. आपलं मघाचं पीक ०.२ नं सरकलं होतं. मशीन अरुंद वेळेच्या खिडकीतच बघत असेल, तर पदार्थ खिडकीबाहेरून निघून जातो आणि रिपोर्टवर येतं ‘आढळले नाही’. जे मोजलंच गेलं नाही, ते सॉफ्टवेअर नंतर कुठून आणणार? म्हणून अशा कामात त्याच बॅचमध्ये स्टँडर्ड चालवावंच लागतं. नंतरची दुरुस्ती त्याची जागा घेत नाही.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रीडिंग बसवताना आपल्याला उत्तर आधी माहीत असतं आणि आकडा तिकडे ओढला जातो. दुरुस्तीत आपण ओळखीच्या पदार्थांवरून नियम काढतो आणि तो सगळ्या पीकांना सारखाच लावतो, मग आपलं आवडतं पीक कुठेही जाऊन पडो. फक्त तेवढं एकच पीक हातानं ६.०० वर नेलंस, तर ते बसवणं.

तीन कामं कर. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेव. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी लावून बघ. एखाद्या सॅम्पलची रेषा एकटीच वेडीवाकडी गेली असेल तर ते सॅम्पल आधी तपास. आणि कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, कुठली सेटिंग, हे थिसिसमध्ये लिही. गाइडलाही दाखव. जे लपवावंसं वाटत नाही, ती दुरुस्ती.

बाकीच्यांनीही आपापल्या लॅबमधले प्रश्न पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर कॉलम सांभाळा, आणि उन्हात पाणी पीत राहा!