जुळलेला ताळा
(लवासा येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तू कॉम्प्युटरवर दिवसभर नेमकं करतोस तरी काय?" असं काल जेवताना तिघांनी विचारलं. म्हणून आज त्यातलं एक छोटंसं काम सांगतो. त्यासाठी ही जागा सोयीची आहे. इथलं मोसे नदीचं पाणी खाली वरसगाव धरणात जातं. शेजारी आंबी नदीवर पानशेत, मुठेवर टेमघर. तिन्ही धरणांतून सोडलेलं पाणी खडकवासल्याला येतं, पण एकाच वेळी नाही. पाण्याला वाटेत किती तास लागतात, याची किंमत 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याला कळली. समोर बसलेल्या काही गुरुजनांना तो दिवस आठवत असेल.

आता एक तक्ता डोळ्यांपुढे आणा. दिवसाच्या तासांच्या 24 ओळी, 0 ते 23. तीन धरणांचे तीन रकाने. पाणी पोचायला समजा 2, 3 आणि 5 तास लागतात (आकडे उदाहरणापुरते). म्हणजे पहिला रकाना 2 ओळी खाली सरकवायचा, दुसरा 3, तिसरा 5, आणि मग आडवी बेरीज घ्यायची.

तीनच रकाने असतील तर खुशाल लूप लावा, कुणी रागावणार नाही. पण रकाने हजारांत गेले की पायथनचा लूप रेंगाळतो. नम्पायमध्ये 'रोल' नावाची सोय आहे, पण ती सगळ्या रकान्यांना सारखंच सरकवते. मग युक्ती अशी, की आकडे हलवायचेच नाहीत, फक्त पत्ते लिहायचे. वर्गाच्या भिंतीवर पाढ्यांचा तक्ता असायचा ना? तसाच. डावीकडे उभे 0 ते 23, वर आडवे 2, 3, 5, आणि चौकोनात गुणाकाराऐवजी वजाबाकी. पाचव्या तासाच्या ओळीत, 3 च्या खाली येतं 2. याचा अर्थ, इथला आकडा दोन नंबरच्या ओळीतून आणा. पत्त्यांचा हा अख्खा तक्ता नम्पायला एकदम दिला की काम झालं. आत कुठेतरी लूप असतोच, पण तो सी भाषेतला, वेगवान.

माझी फजिती झाली ती पहिल्या काही ओळींत. 2 वजा 3, उणे 1. उणे एक नंबरची ओळ कुठून आणणार? मला वाटलं, यंत्र ओरडेल. पण नम्पायमध्ये उणे 1 म्हणजे शेवटची ओळ. त्यानं निमूटपणे 23 नंबरची ओळ उचलली. म्हणजे रात्री अकराला सोडायचं पाणी त्याच दिवशी पहाटे दोनला येऊन पोचलं!

आणि मी ताळा केला होता बरं का. सर, तुम्ही लावलेली सवय. सोडलेलं पाणी आणि पोचलेलं पाणी, दोन्ही बेरजा तंतोतंत जुळल्या. जुळणारच, कारण खालून निघालेला प्रत्येक आकडा वरून परत आत आला होता. मी निर्धास्तपणे काम पुढे पाठवलं. दोन दिवसांनी एका नवख्या सहकारी मुलीनं विचारलं, "पहाटे दोनला हे पाणी कुठून आलं? आधीचे कितीतरी तास दरवाजे बंद होते." एका नदीच्या पुराच्या अंदाजाचं काम होतं ते. ऐकून पोटात गोळा आला.

दुरुस्ती साधी होती. तक्ता आदल्या दिवशीच्या शेवटच्या पाच तासांपासून सुरू केला, रकाने सरकवले आणि वरच्या पाच ओळी कापून टाकल्या. आता बेरजा जुळेनात. जुळायला नकोच होत्या. कालचं थोडं पाणी आज आलं होतं, आजचं थोडं अजून नदीतच होतं.

मघाशी चहाच्या वेळी हे सरांना सांगितलं, तर त्यांनी लगेच विचारलं, "मग ताळा करायचा कसा?" तेव्हा गडबडीत उत्तर राहून गेलं. सर, आज पोचलेल्या पाण्यात वाटेत असलेलं मिळवायचं, त्यातून कालचं वजा करायचं, आणि मग ते आज सोडलेल्याशी ताडून बघायचं.