मारामारी एकच, पाहणारे वेगळे

पडद्यावरची मारामारी सगळ्यांना सारखी दिसते, पण सगळ्यांच्या मनात सारखी मुरत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉर्ज गर्बनर यांच्या गटाने टीव्हीवरच्या हिंसेची वर्षानुवर्षं मोजदाद केली. १९८० मध्ये त्यांनी मांडलं, की तासन्‌तास टीव्ही पाहणाऱ्याला जग असतं त्याहून धोकादायक वाटू लागतं, आणि ज्याची वस्तीच गुन्ह्यांनी ग्रासलेली आहे, त्याची भीती आणखी वाढते. गल्लीत पाहिलेलंच रात्री पडद्यावर पुन्हा दिसतं. म्हणजे डोस दुप्पट! या निष्कर्षांवर तेव्हाच आक्षेप आले. मला मात्र हा मुद्दा पटतो.

हे झालं भीतीचं; आता आक्रमकतेचं. शिकागो परिसरातल्या ज्या मुलांच्या लहानपणी पाहणी केली होती, त्यांच्याकडे संशोधक रोवेल ह्यूसमन यांचा गट सुमारे पंधरा वर्षांनी परत गेला. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी हिंसक कार्यक्रम जास्त पाहिलेली, मारकुट्या पात्रात स्वतःला पाहणारी, ‘असं खरंच घडतं’ असं मानणारी मुलं मोठेपणी अधिक आक्रमक आढळली. घरची आर्थिक स्थिती, मुलाची बुद्धी, पालकांची वागणूक हे सगळं हिशेबात धरूनही हा संबंध पुसला गेला नाही. प्रत्येक वेळी गरिबीवर खापर फोडणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.