गोबरगॅसच्या शेगडीची ज्योत
(भाषणाचा मजकूर)



थंड हवेच्या देशांत घर उबदार ठेवण्यासाठी गॅसवर चालणारी भट्टी असते. जुन्या बनावटीच्या भट्टीत करंगळीएवढी एक ज्योत अहोरात्र तेवत असते आणि मुख्य ज्वाला पेटविण्याचे काम ती करते. ही लहान ज्योत विझली, की तिच्याजवळ बसविलेला धातूचा भाग निवतो आणि गॅसचा प्रवाह आपोआप थांबतो. घर गार पडते, परंतु घरात गॅस साचत नाही.

जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याला अशा भट्टीची गरज नाही. मात्र गोठ्याशेजारच्या गोबरगॅस संयंत्रावर चालणारी शेगडी येथील घरांना परिचित आहे, आणि तिला असा राखणदार सहसा नसतो. ज्योत विझून तोटी उघडी राहिली, तर गॅस वाहतच राहतो. त्यामुळे ज्योतीतील बिघाड वेळीच ओळखणे हा केवळ सोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

महाराष्ट्राला हे तंत्र नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस निर्माण करण्याची व्यवस्था झाली होती. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचे संयंत्र खेडोपाडी पोहोचविले, आणि १९८४ साली कमी खर्चाचे, स्थिर घुमटाचे ‘दीनबंधू’ संयंत्र आले. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्पही १९८१-८२ या वर्षीच सुरू झाला. तेव्हापासून संयंत्रे बांधण्याकडे जेवढे लक्ष पुरविले गेले, तेवढे ती चालती ठेवण्याकडे पुरविले गेले नाही, असे म्हणणे भाग आहे. काही रुपयांच्या नळीअभावी किंवा तुंबलेल्या छिद्रापायी संयंत्र बंद पडते, आणि घरातील स्त्री पुन्हा तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांच्या धुराकडे वळते. बांधकामाच्या नोंदीत मात्र ते संयंत्र पूर्ण झालेलेच असते!

गोबरगॅसमध्ये साधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला भाग बहुतांशी कर्बवायूचा. त्याशिवाय पाण्याची वाफ आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड. बिघाडांचे मूळ बरेचसे या घटकांतच सापडते. वाफ नळीत थंड होऊन तिचे पाणी होते. हायड्रोजन सल्फाइड पितळी तोट्या आणि लोखंडी टाकी खातो. कर्बवायू प्रमाणाबाहेर वाढला, तर शेगडी पेटतच नाही.

ज्योत कशी दिसते, यावरून रोग ओळखता येतो. निरोगी ज्योत निळी, आखूड आणि स्थिर असते. ती भकभक करू लागली, मध्येच मोठी व मध्येच लहान होऊ लागली, तर नळीत पाणी साचले आहे असे खुशाल समजावे. यासाठी मिस्त्री बोलावण्याचे कारण नाही. नळी पाणी काढण्याच्या तोटीकडे उतरती असावी. शंभर फुटांस एक फूट उतार पुरतो. ती तोटी आठवड्यातून एकदा उघडली, की काम झाले. नळी मध्येच झोळ पडून लोंबत असेल, तर पाणी त्या झोळातच राहते आणि तोटी उघडूनही ज्योत नाचत राहते. अशा वेळी नळीला मधे टेकू द्यावा लागतो.

ज्योत पिवळी व लांब झाली, तर हवा कमी पडते. शेगडीच्या नळीवरील हवेची चकती थोडी उघडावी आणि ज्वालकाच्या छिद्रांतील ऊतू गेलेले दूध, पिठाचे कण साफ करावेत. गॅस येतो ते छिद्र बारीक तारेने हलक्या हाताने मोकळे करावे. जाड दाभण खुपसल्यास छिद्र मोठे होते आणि ती शेगडी पुन्हा कधी नीट जळत नाही.

याउलट ज्योत ज्वालकावरून उचलली जाऊन फुरफुरत विझत असेल, तर हवा किंवा दाब जास्त आहे. घुमटाच्या संयंत्रात रात्रभर गॅस साठून सकाळी दाब वाढतो. सकाळी ज्योत उडते आणि दुपारी ठीक जळते, अशी तक्रार कानी आली, तर काहीही मोडलेले नाही. तोटी थोडी कमी उघडली म्हणजे पुरे.

एक चूक विशेष प्रमाणात होते. सिलिंडरच्या गॅसची शेगडी जशीच्या तशी गोबरगॅसच्या नळीला जोडली जाते. सिलिंडरचा गॅस अधिक दाबाने येतो, आणि त्याच्या एका भागास जळण्यासाठी पंचवीस-तीस भाग हवा लागते. गोबरगॅसला सहाच्या आसपास. त्यामुळे त्या शेगडीचे बारीक छिद्र गोबरगॅसला अपुरे पडते, भाकरी भाजता भाजता दमछाक होते आणि दोष संयंत्राच्या माथी मारला जातो. जैववायूसाठी बनविलेली शेगडीच घ्यावी.

कित्येकदा शेगडी निर्दोष असते आणि उणेपणा गोठ्यात असतो. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे, आणि जवळपास तितकेच पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील गावांना टँकरने पाणी पुरवावे लागले आणि मोसंबीच्या बागा वाळल्या. अशा वर्षी शेणकाल्यास पाणी कोठून आणावे, हा प्रश्न साधा नाही. भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी तेव्हा उपयोगी पडते. साबणाचे किंवा फिनेलचे पाणी मात्र कुंडात जाता कामा नये, कारण त्याने जिवाणू मरतात. मोसंबीच्या सालीही टाकू नयेत. सालीतील तेल मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना मारक असते, आणि मोसंबीच्या या जिल्ह्यात ही गोष्ट आवर्जून सांगावी लागते. थंडीत गॅस कमी मिळतो, हा दोष नव्हे. तो ऋतूचा परिणाम आहे.

आता धोक्याविषयी. गळती शोधण्यासाठी साबणाचा फेस लावावा. काडी पेटवून गळती पाहण्याची सवय जीवघेणी आहे. शेगडी पेटविताना आधी काडी आणि मग तोटी, हा क्रम मुलांनाही ठाऊक असावा. शिक्षकांनी तो वर्गात एकदा करून दाखविल्यास घरोघर पोहोचेल. वास आल्यास मुख्य तोटी बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि विजेच्या बटणास हात लावू नये. साय फोडण्यासाठी किंवा गाळ काढण्यासाठी कुंडात कोणीही उतरू नये. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले, की वास येणेच बंद होते. वास नाही म्हणजे धोका नाही, असा समज करून उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढण्यास उतरणारा दुसराही.

राहिला प्रश्न दुरुस्ती करणाऱ्याचा. आठही तालुक्यांत या योजनेचा कारभार जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडून चालत आला आहे, आणि गावाचा पहिला संबंध पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याशी येतो. परंतु भकभकणाऱ्या ज्योतीसाठी कोणी तालुक्याला अर्ज करीत नाही. तो चूल पेटवितो. म्हणून प्रशिक्षित गवंड्याचे नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर असावे. रबरी नळी, एक तोटी व एक ज्वालक गावात कोणाकडे तरी शिल्लक असावा. आणि सदस्यांनी वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, प्रत्येक संयंत्र डोळ्यांनी पाहावे. त्या वेळी पुरुषाला न विचारता, शेगडीपुढे बसणाऱ्या स्त्रीलाच ज्योत दाखविण्यास सांगावे.