बॅटरीत पाणी कोणतं घालावं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



मला चिटणीसांनी सांगितलं, "काका, दहा मिनिटं काहीतरी उपयोगाचं बोला." आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे मुदतठेवीवर बोलेन असं सगळ्यांना वाटलं असेल. पण आज मी माझ्याच एका चुकीचा हिशेब मांडणार आहे.

मी निवृत्त झालो त्या वर्षीची गोष्ट. जुलै महिना, आपल्या वैभववाडीचा पाऊस, चार दिवस गाडी जागेवरून हललेली नाही. पहाटे तीनला शेजारच्या वहिनींच्या छातीत दुखायला लागलं. तळेरेमार्गे कणकवलीला न्यायचं ठरलं. माझी मारुती ८०० होती. चावी फिरवली, नुसतं 'टक्' झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. तेवढ्यात वरून आवाज आला, "काय झाला? गाडी सुरू होणा नाय काय?" पाच मिनिटांत लुंगीवर, छत्री टाकून, सात-आठ जण खाली. गेटच्या उतारावर ढकलली तेव्हा गाडी सुरू झाली. वहिनी वेळेवर पोचल्या, आज समोर बसून हसताहेत. पण ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने झाकणं उघडून मला विचारलं, "साहेबानु, बॅटरीत बावीचा पाणी घातलात काय?" घातलं होतं. वर्षभर घालत होतो. आपल्या विहिरीचं पाणी गोड, स्वच्छ, मग बाटलीवर पैसे कशाला, असा माझा हिशेब. बॅटरी तशी तीन वर्षांची होती, सगळा दोष पाण्याचा म्हणणार नाही. पण बॅटरीचं आयुष्य मी कमी केलं हे खरं.

बॅटरीत शिशाच्या पट्ट्या असतात आणि गंधकाम्ल मिसळलेलं पाणी असतं. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकात सुमारे दोन व्होल्ट. चार्ज होताना आणि उष्णतेने त्यातलं पाणी उडून जातं, आम्ल मात्र आत राहतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर आम्ल हे मुद्दल, ते शाबूत असतं. जे गेलं तेवढंच परत भरायचं, म्हणजे फक्त पाणी. म्हणून बॅटरी सांडलेली नसेल तर वरून कधीही ॲसिड घालू नका.

आता "शुद्ध" या शब्दाने आपली फसगत होते. पिण्याला शुद्ध म्हणजे त्यात जंतू नाहीत. बॅटरीला शुद्ध म्हणजे त्यात क्षार आणि धातू नाहीत. आपला जांभा तांबडा असतो तो लोखंडामुळे. अशा जमिनीतल्या पाण्यात लोह उतरू शकतं; बालदीला तांबूस डाग पडतात ते बायकांना ठाऊक आहे. हे लोह बॅटरीत एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर ये-जा करत राहतं आणि गाडी उभी असतानाही चार्ज खात बसतं. रोज गल्ल्यातून चार आणे नाहीसे व्हावेत तसं. समुद्राजवळच्या विहिरीत मीठ असतं, त्यातलं क्लोराइड पट्ट्या कुरतडतं.

मला नेहमी विचारतात, "उकळून घातलं तर?" उकळून जंतू मरतात, क्षार जात नाहीत. आटलं तर उलट दाट होतात. "आरओचं?" क्षार बरेच कमी होतात, सगळे जात नाहीत, काही यंत्रं चवीसाठी ते परत मिसळतात. विकतच्या पिण्याच्या बाटलीचंही तेच. "एसीचं?" ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरची धूळ धुऊन येतं. "मग पावसाचं?" आभाळातून येतं तेव्हा चांगलंच, पण कौलावरून, पत्र्यावरून आलं की राहिलं नाही.

म्हणून एकच उत्तर. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड, म्हणजे डीएम वॉटर. सीलबंद घ्या, प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या बाटलीतच ठेवा, झाकण लावा. तांब्या, कळशी, पत्र्याचं नरसाळं नको.

घालताना गाडी बंद करा. बिडी, काडेपेटी, निरांजन लांब ठेवा, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. चष्मा लावा. बॅटरी चार्ज झाल्यावर खुणेपर्यंतच भरा. काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येऊन टर्मिनल खातं. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच घाला, चार्ज करा, मग बाकीचं. डोळ्यात थेंब उडाला तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा. एकच कप्पा सारखं पाणी पीत असेल तर तो बिघडलाय. सगळेच पीत असतील तर चार्जिंग जास्त होतंय, तपासून घ्या. सीलबंद बॅटरीची झाकणं उचकटू नका. घरच्या इन्व्हर्टरलाही हेच नियम; पावसाळ्यात वीज जाते तेव्हा त्याची किंमत कळते.

कमिटीला एक विनंती. ऑफिसात डीएम वॉटरचा एक कॅन आणि प्लॅस्टिकचं नरसाळं कायम ठेवावं, आणि मे महिन्यात, पावसाआधी, एका रविवारी सगळ्यांनी आपापल्या बॅटऱ्या तपासाव्यात. पहिला कॅन माझ्याकडून.

त्या पहाटे गाडी बॅटरीवर सुरू झाली नाही, तुमच्या हातांनी सुरू झाली. ते हात आहेतच. पण दरवेळी त्यांना पावसात उतरवायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.