सरकारच्या फायलीत मुलगी कुठे असते?

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील मांडणीचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'युवक सेवा आणि शासन'. गोम नावातच आहे. आपल्या राज्यात हे काम ज्या कार्यालयाकडे आहे त्याचे नाव क्रीडा व युवक सेवा संचालनालय. व्याकरणवाले सांगतील, पुल्लिंगात दोघेही येतात. पण जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा आणि व्यायामशाळा विकासाचे अनुदान कोणकोणत्या मंडळांना गेले त्याची यादी मागा. त्या तालमीत संध्याकाळी कोण बसते हे मी तुम्हाला सांगायला नको.

केंद्राच्या पातळीवर युवक कल्याण व क्रीडा मंत्रालय आहे. कॉलेजातल्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय सेवा योजना, 1969 पासून. तिच्याबद्दल मी फार वाईट बोलणार नाही. सात दिवसांच्या निवासी शिबिराला बाप मुलीला पाठवतो, कारण सोबत मॅडम असतात. कितीतरी मुलींची घराबाहेरची पहिली रात्र ती असते. पण त्यासाठी आधी कॉलेजात असावे लागते. कॉलेजबाहेरच्या, मुख्यतः खेड्यातल्या तरुणांसाठी 1972 पासून नेहरू युवा केंद्रे निघाली, 1987 मध्ये त्यांची स्वायत्त संघटना झाली. जिल्ह्याला एक अधिकारी, तालुक्यात मानधनावरचे एकदोन तरुण आणि गावोगावची नोंदलेली मंडळे. मंडळे दोन प्रकारची: युवा मंडळ आणि महिला मंडळ.

इथे जरा थांबू या. दहावीनंतर घरी बसलेली सतरा वर्षांची मुलगी यातल्या कुठल्या मंडळात जाईल? युवा मंडळाची बैठक रात्री नऊला पारावर भरते. महिला मंडळात तिची आई, चुलती आणि उद्या सासू होऊ पाहणारी शेजारीण. तिथे ती चहा करायला जाते.

सरकारने तरुणाचे वय 2003 च्या राष्ट्रीय धोरणात 13 ते 35 धरले, 2014 च्या धोरणात 15 ते 29. कागदावर चौदा वर्षांचे तारुण्य. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा 2019-21 चा आकडा पाहा. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले. बीडमध्ये 43.7 टक्के, परभणीत 48 टक्के. लग्न झाले की ती 'युवा' उरत नाही. मग ती 'लाभार्थी' होते, गरोदर झाली की नोंद आणखी पक्की होते.

तुम्ही म्हणाल, मुलींसाठी महिला व बालविकास खाते आहे ना. आहे. 2010 मध्ये 'सबला' आली, देशातल्या 200 जिल्ह्यांत, 11 ते 18 वयाच्या मुलींसाठी, अंगणवाडीमार्फत. महाराष्ट्रातले 11 जिल्हे त्यात होते. घरी न्यायची पाकिटे अनेक ठिकाणी गुरांपुढे गेली, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण त्या योजनेत किशोरींचा गट होता, गटाची एक सखी होती, किशोरी दिवस होता. 'अंगणवाडीत चाललेय' म्हटले की घरचे अडवत नसत. माझ्या मते त्या योजनेतली कमाईची गोष्ट एवढीच होती, आणि नेमकी तीच गेली. 2018 पासून योजना फक्त 11 ते 14 वयाच्या, शाळेबाहेरच्या मुलींपुरती राहिली. शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या वयाची मुलगी पटावर असतेच, मग शाळेबाहेरच्या दाखवायच्या किती? 2021 नंतर वय 14 ते 18 केले, पण आकांक्षित जिल्ह्यांत आणि ईशान्येकडच्या राज्यांत. आपल्याकडचे आकांक्षित जिल्हे चार: नंदुरबार, वाशीम, धाराशिव, गडचिरोली. बीड आणि परभणी त्यात नाहीत.

बालविवाह प्रतिबंधाचा 2006 चा कायदा आहे, गावात ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी आहे. मांडव पडल्यावर तो येतो, पोलीस येतात, लग्न थांबते, पेपरात फोटो येतो. थांबवलेल्या लग्नानंतर ती मुलगी त्याच घरात, त्याच चार भिंतींत. तिने पुढची दोन वर्षे कुठे जावे, कुणाबरोबर बसावे, याची जबाबदारी कुठल्याच अधिकाऱ्यावर नाही. क्रीडा खाते म्हणते ती बालविकासची, बालविकास म्हणते वय बसत नाही.

आणि देखरेख? अहवालाच्या नमुन्यात कार्यक्रमाचे नाव, तारीख, ठिकाण, उपस्थिती, पैकी महिला, सोबत छायाचित्र. मी स्वतः अशा कार्यक्रमांना पाहुणी म्हणून गेले आहे. 'पैकी महिला' हा रकाना कसा भरतो? कन्या शाळेचा एक वर्ग आणून बसवतात, नाहीतर बचत गटाच्या बायका. फोटो झाला की शिट्टी वाजते आणि वर्ग परत जातो. 12 जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन, त्याच दिवशी जिजाऊ जयंती. मुलींना नऊवारी नेसवून घोड्यावर बसवतात. 13 तारखेला त्यातली कोण कुठे आहे, हे विचारणारा रकाना नाही.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने 'मेरा युवा भारत' ही नवी स्वायत्त संस्था काढली. नावनोंदणी पोर्टलवर. म्हणजे मोबाइल हवा. आत्ता सांगितलेल्या पाहणीतच आहे की देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरायचा मोबाइल असणाऱ्या 54 टक्के. त्यात लग्न न झालेली खेड्यातली पोर किती असेल? ओटीपी येणार भावाच्या फोनवर. भावाला विचारून तरुण व्हायचे!

आपण काय करायचे? वेगळी योजना मागू नका, असे मी म्हणेन. योजना मागितली की शिलाई मशीन येते. आपल्याला हवी जागा आणि वेळ: गावात आठवड्यातून दोन दुपारी, कुलूप-किल्लीसह एक खोली, आणि तिथे बसणारी एक पगारी बाई. मानधनी नव्हे, पगारी. खोलीसाठी ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या 10 टक्के निधीकडे बोट दाखवता येते. तो निधी कशावर खर्च झाला हे ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत विचारायचे, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचे. बाईच्या पगारासाठी मात्र युवक खात्याशीच भांडले पाहिजे, कारण पंधरा ते एकोणतीसच्या नावाने पैसा त्यांच्याकडे येतो.

त्याची सुरुवात माहिती अधिकाराच्या अर्जाने करू. तालुक्यात किती युवा मंडळे नोंदली आहेत, त्यांच्या पदाधिकाऱ्यांत मुली किती, मागच्या तीन वर्षांत कुठल्या मंडळाला किती रक्कम मिळाली, आणि 'पैकी महिला' म्हणून दाखवलेल्यांची वये काय. शेवटचा प्रश्न गाळू नका. तो टाळण्यासाठी 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर येईल, तेही आपल्याला लेखी हवेच आहे. अर्जाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प काहीजणींनी आणले आहेत, त्यांच्याकडून घ्या.